आण्णांचं जुळं काळीज

मधल्या सुट्टीनंतरची घंटा ठणठणली आणि आठवीच्या वर्गात बाकावरून उठता उठता पद्मजा खाली कोसळली. थोड्या वेळानं शुद्धीवर आली, पाणी प्यायली, "मला काही झालं नाही" म्हणाली. पण संध्याकाळी तिचे वडील आदगोंडा चौगुले, म्हणजे सगळ्या नांदणवाडीचे आण्णा, नदीवर आले. पोरापोरींचा सराव चालला होता. त्यांनी होडी काठाला लावायला लावली आणि पद्मजाला दंडाला धरून खाली उतरवलं.

"हिच्या काळजात खोट हाय," ते चारचौघांत म्हणाले. "हिनं वल्हं धरायचं न्हाई."

कृष्णाकाठी होड्यांच्या शर्यती म्हणजे काय असतं, हे सांगलीच्या बाजूला राहिल्याशिवाय कळत नाही. श्रावण-भाद्रपदात नदी दुथडी भरून वाहते, दोन्ही काठ माणसांनी फुलतात आणि लांबलचक निमुळत्या होड्या पाणी कापत सुटतात. आण्णा त्यांच्या उमेदीत नांदणवाडीच्या होडीचं पहिलं वल्हं मारत. पहिलं वल्हं जसं पडेल तशी बाकीची पडतात. सारी होडी त्या एका माणसाच्या दमावर चालते. अशा माणसाच्या मुलीनं भर वर्गात घंटेला घाबरून पडावं, हे त्यांना काही केल्या पचलं नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. पद्मजाचं लग्न गावातच झालं. नवरा शीतल द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायचा, तीही त्याच्याबरोबर ड्रोन उडवायला शिकली. एक मुलगी झाली, ती आता सांगलीला शिकत होती. धडधड मात्र पद्मजाच्या सोबतीला राहिली. जिना उतरताना अंधारात शेवटची पायरी चुकावी, तसं छातीत व्हायचं. एक ठोका गायब, मग एक दणकून, मग सगळं पूर्ववत. एका डॉक्टरनं पित्त म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यानं थायरॉइड तपासलं, चौथा म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका." आईनं तिचा चहा बंद केला. ईसीजीच्या पट्ट्या काढल्या की नेमकं त्या वेळी हृदय शहाण्यासारखं चालायचं.

मग शर्यतीत बायकांच्या होड्या आल्या आणि पद्मजानं कुणालाही न विचारता पहिलं वल्हं धरलं. पहिल्याच वर्षी नांदणवाडीच्या बायका तिसऱ्या आल्या. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. आण्णा शर्यत समितीचे अध्यक्ष होते. पण बायकांची होडी सुटायच्या वेळी ते उठून चहाला जायचे, ते बक्षिसाचा कप द्यायच्या वेळेपर्यंत परतायचे नाहीत. आणि तिसऱ्या वर्षी समितीनं नवा नियम काढला, की ज्याला हृदयाचा काही त्रास असेल त्यानं डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय होडीत बसायचं नाही. नियम कुणासाठी आहे हे अख्ख्या गावाला कळलं.

"आणते दाखला," पद्मजा म्हणाली. "मिरजेहून आणते."

मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. रेहाना बागवान एक नवंच यंत्र चालवत होत्या. बाई चणीनं बारीक, बोलण्यात भराभर. त्यांनी पद्मजाचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही 'टेन्शन' हा शब्द काढला नाही. मग एक बनियन तिच्या हातात ठेवला. साध्या सुती बनियनसारखाच दिसत होता, पण उजेडात धरला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चमकायचे.

"दोन दिवस अंगात ठेव. शेतात जा, नदीवर जा, भांडण कर, झोप. आंघोळीला तेवढा काढ."

दोन दिवसांनी बनियन परत गेला, त्याबरोबर थोडं रक्तही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी खोलीतले पडदे ओढले. मधल्या टेबलावर हवेत काहीतरी उजळलं आणि पद्मजा खुर्चीतून अर्धी उठली. मुठीएवढं हृदय टेबलाच्या वर तरंगत होतं. आवळत होतं, सैल होत होतं, आणि प्रत्येक आवळण्याबरोबर त्याच्या अंगावरून पिवळ्या उजेडाची लाट वरून खाली धावत होती.

"हे कुणाचं?"

"तुझंच. जुळं. आम्ही याला प्रतिहृदय म्हणतो, पण पेशंट जुळं काळीजच म्हणतात." डॉक्टरांनी बोट फिरवलं तसं हृदय हळूहळू वळलं. "ठोका म्हणजे विजेची लाट असते, पद्मजा. हृदयाच्या पेशींना अतिशय बारीक दारं असतात. एका जातीची दारं उघडली की पेशीत वीज भरते आणि हृदय आवळतं. मग दुसऱ्या जातीची, पोटॅशियमची दारं उघडतात, वीज ओसरते, पेशी पुढच्या ठोक्याला मोकळी होते. तुझ्या या दुसऱ्या दारांपैकी काहींची बिजागरं जन्मापासून घट्ट आहेत. वीज ओसरायला किंचित उशीर लागतो."

"मग ठोका चुकतो?"

"एरवी नाही. पण वीज अर्धवट ओसरलेली असताना तू एकदम दचकलीस, तर जुन्या लाटेवर नवी लाट चढते. सगळ्यात जास्त कशानं, माहितीये? अचानक झालेल्या मोठ्या आवाजानं. गजराचं घड्याळ, टेलिफोन—"

"शाळेची घंटा!" पद्मजा ओरडलीच.

डॉक्टर हसल्या. "शाळेची घंटा."

पद्मजाला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. ती घाबरट नव्हती. नाटकी नव्हती. बारीकशी दारं होती, त्यांची बिजागरं होती आणि एक घंटा होती.

"चुकलेला ठोका बऱ्याच जणांना येतो," डॉक्टर सांगत होत्या. "कुणाला जागरणानं, कुणाला थायरॉइडनं, कुणाला झोपेत श्वास अडकतो म्हणून, कुणाला रक्तातले क्षार कमी झाले म्हणून. कित्येकांना काहीच कारण नसतं आणि काही बिघडतही नाही. वरून सगळं सारखंच वाटतं, पण एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं. आजवर ठोका चुकला एवढंच आम्हाला दिसायचं. आता या जुळ्यावर एकेक कारण लावून बघता येतं. खऱ्या हृदयाला धक्का न लावता."

आणि त्यांनी लावूनच दाखवलं. जुळ्याला होडीत बसवलं, म्हणजे पद्मजाच्या सरावातला सगळा ताण त्याच्यावर घातला. लाटा जोरात धावू लागल्या, पण सरळ. मग रक्तातलं पोटॅशियम कमी केलं आणि मोठा आवाज दिला. लाट अडखळली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि कशीबशी सावरली.

"आता रोजची एक गोळी दिली," डॉक्टर म्हणाल्या आणि पुन्हा तोच आवाज दिला. लाट सरळ निघून गेली.

"म्हणजे मला वल्हवता येईल?"

"गोळी चुकवायची नाही. मी सांगेन ती औषधं आयुष्यात घ्यायची नाहीत. आणि होडीबरोबर बचावाची बोट हवी, तिच्यात हृदयाला झटका देणारं यंत्र हवं. एवढं असेल तर दाखला देते." मग त्यांचा आवाज बदलला. "पण हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. ज्याच्याकडून आलाय त्याला तो माहीत नसेल, तर तुझ्यापेक्षा जास्त धोका त्याला आहे. दोघांना घेऊन ये. तुझ्या मुलीलाही."

आई हौसेनं गेली. मिरजेहून येताना बासुंदी घेऊन आली. तिच्या जुळ्यात काही सापडलं नाही, नातीच्याही नाही.

म्हणजे राहिले आण्णा.

आण्णा ओसरीवर बसून शर्यतीच्या मांडवाचा हिशोब लावत होते. पद्मजानं दाखला पुढ्यात ठेवला, तो त्यांनी चष्मा न लावताच बाजूला सारला. तिनं सगळं समजावून सांगितलं. दारं, बिजागरं, घंटा. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे तुझी खोट माझ्याकडनं आली म्हणतीस?"

"खोट नाही हो आण्णा. नुसतं तपासायचंय."

"कृष्णा उलटी कापलीया या काळजानं. ते यंत्रात घालून तमाशा करायचा न्हाई. माझं काळीज, मी न्हाई म्हणतो. कळलं?"

कळलं होतं. पण त्याच आठवड्यात आईनं सहज सांगितलं, की जिना चढताना आण्णांना दोनदा चक्कर आली, आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी तिला ताकीद आहे. पद्मजा रात्रभर तळमळली. सकाळी तिनं मिरजेला फोन केला.

"आण्णा तयार आहेत," ती डॉक्टरांना म्हणाली. "शर्यतीच्या गडबडीत आहेत, म्हणून येता येणार नाही. बनियन माझ्याजवळ द्या."

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. बनियन आईच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "नवीन आणलाय म्हण."

"खोटं कुठं आहे त्यात?" आई म्हणाली. "नवीनच आहे की."

आण्णांना बनियन फार आवडला. मऊ आहे म्हणाले. दोन दिवस काढला नाही. मग तो मिरजेला गेला, आणि रक्तदाबाच्या तपासणीसाठी आण्णांनी दिलेल्या रक्तातलं थोडं रक्तही.

शर्यतीच्या दिवशी नांदणवाडीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी घुमत होती, कर्ण्यावरून नावं पुकारली जात होती, सांगलीच्या पुलापासून रस्ता गाड्यांनी गच्च भरला होता. पहिलीच फेरी बायकांची होती; नदीच्या मध्याला त्यांच्या चार होड्या दोरीला लागून उभ्या होत्या. पद्मजा पहिल्या वल्ह्यावर; दाखला असल्यावर समितीला तिला अडवता आलं नव्हतं. मागे सुकाणूवर शेवंता, पद्मजाची बालमैत्रीण. तिच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या जणींचे फोन. यंदा कप आपला, असं दहाच्या दहा जणींना आतून वाटत होतं. पद्मजानं गोळी घेतली होती, पोटभर नाश्ता केला होता, आणि हातातलं वल्हं पिसासारखं हलकं लागत होतं.

शर्यत सुटायची ती औटाच्या आवाजावर. लोखंडी नळकांड्यात दारू ठासून उडवलेला तो बार काठाकाठानं पार हरिपूरपर्यंत ऐकू जायचा. औट लावायचा मान अध्यक्षांचा; बायकांच्या फेरीला मात्र आजवर तो दुसरंच कुणी लावायचं. घाटाच्या मधल्या पायरीवर आण्णा फेटा बांधून उभे होते, आणि आज पहिल्यांदाच बायकांच्या फेरीला चहाला गेले नव्हते, कारण समितीच्या कारभाऱ्यांनी त्यांना अडवून ठेवलं होतं.

शेवंताच्या गळ्यातली पिशवी थरथरली.

"पदे, तुझा फोन. मिरजेच्या डॉक्टरीणबाई."

"आता?"

"चौथ्यांदा वाजतोय."

पिशवी हातोहात पुढे आली. पद्मजानं पिशवीतूनच फोन कानाला लावला. हलगीच्या वर डॉक्टरांचा आवाज आला, नेहमीपेक्षाही भरभर. "पद्मजा, वडिलांचं जुळं आत्ता तयार झालं. दोष त्यांच्याकडूनच आलाय. आईंनी सकाळी त्यांची औषधं कळवली. रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी पाण्याची गोळी घेतात ना? त्यानं पोटॅशियम घटतं. त्यात या आठवड्यात खोकल्यासाठी एक प्रतिजैविक चालू झालंय, ते नेमकी तीच दारं बंद करतं. मी एकेक लावून बघितलं, हृदय तगतं. सगळं एकत्र लावून मोठा आवाज दिला आणि..."

"आणि काय?"

"थांबलं. पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा थांबलं. कुठं आहेत ते? त्यांच्याजवळ कसलाही आवाज होऊ देऊ नकोस."

पद्मजानं वर पाहिलं. आण्णांच्या हातात पेटती उदबत्ती होती.

ती ओरडली. "आण्णा! लावू नका!" तिचा आवाज हलगीत कुठल्या कुठं विरून गेला. तिनं दोन्ही हात हलवले. काठावरच्या लोकांना वाटलं पोरी जोशात आल्यात, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

"शेवंता, होडी घाटाला घे."

"वेड लागलं का? दोरी सोडली तर बाद करतात!"

"आण्णा मरतील गं! औट वाजला तर मरतील!"

शेवंतानं तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सुकाणू मारलं. "पोरींनो, घाटाकडं! हाणा!"

नऊ वल्ही एकदम पाण्यात पडली. होडी दोरी सोडून आडवी सुटली तसा काठावर एकच गलका झाला. कर्ण्यावरचा माणूस "नांदणवाडीची होडी, मागं व्हा, मागं व्हा" असं ओरडत राहिला. पद्मजानं आयुष्यात इतक्या वेगानं वल्हं मारलं नव्हतं. होडीचं टोक पायरीवर आपटलं, पद्मजा उडी टाकून निसरड्या घाटावर पडली, उठली, माणसांना ढकलत वर धावली. आण्णा उदबत्ती वातीकडे नेत होते. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"लाज हाय का न्हाई?" आण्णा गरजले. "दोरी सोडून आलीयास? गावाची अब्रू घालवलीस!"

"आण्णा, औट लावू नका. तुमचं हृदय तपासलंय. मोठा आवाज झाला तर ते थांबेल."

"कुणी तपासलं? मी कवा दिलं तपासायला?"

आता लपवून चालणार नव्हतं. "तो नवीन बनियन होता ना, तो डॉक्टरांचा होता. मी फसवलं तुम्हाला. डॉक्टरांनाही फसवलं. काय शिक्षा करायची ती मागाहून करा, पण आत्ता इथून चला."

आण्णांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. त्यांनी स्वतःच्या छातीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं, जणू तिथून कुणी काहीतरी चोरून नेलं होतं.

"मी न्हाई म्हणालो व्हतो," ते हळू आवाजात म्हणाले. तो आवाज पद्मजाला गरजण्यापेक्षा जास्त लागला. त्यांनी उदबत्ती पायाखाली विझवली आणि पाठ फिरवून घाट चढू लागले.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर कुणाला वाटलं शर्यत सुटली. दहा हजार फटाक्यांची माळ धडाडली, तिच्या मागोमाग दोन सुतळी बॉम्ब.

पद्मजाच्या छातीत पायरी चुकली. डोळ्यांपुढं क्षणभर काळं झालं, मग एक दणकट ठोका बसला आणि नजर साफ झाली. गोळीनं हात दिला होता. समोर आण्णा दोन पायऱ्या चढले, तिसरीवर त्यांचा पाय हवेतच राहिला, आणि ते पोतं पडावं तसे पडले.

पुढचं तिनं कसं केलं ते तिला नंतर नीट आठवायचं नाही. शेवंतानं सांगितलं म्हणून कळलं. तिनं आण्णांना उताणं केलं, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवले आणि दाबायला सुरुवात केली, वल्ह्याच्या तालात, मोठ्यानं "हैस्सा, हैस्सा" म्हणत. दाखल्यासाठी डॉक्टरांनी घातलेल्या अटीमुळं यंदा बचावाच्या बोटीत झटक्याचं यंत्र होतं. ते वर आलं. यंत्र मराठीत बोललं, "बाजूला व्हा." आण्णांचं अंग उसळलं. काही नाही. पुन्हा दाबणं. पुन्हा "बाजूला व्हा."

आण्णांच्या घशातून घोरल्यासारखा आवाज आला.

रुग्णवाहिका गर्दीतून वाट काढत आली तेव्हा तिच्यातल्या तरुण डॉक्टरनं नेहमीचं इंजेक्शन भरलं होतं. शेवंताच्या हातातल्या, अजून चालूच असलेल्या फोनमधून रेहाना बागवान किंचाळल्या, "ते देऊ नका! त्यानं दारं आणखी बंद होतील! मॅग्नेशियम द्या, मग पोटॅशियम!" तरुण डॉक्टर थबकला, त्यानं फोन हातात घेतला, दोन शब्द ऐकले आणि सिरिंज बदलली.

मिरजेला पोचेपर्यंत वाटेत एकदाच लाट गिरकली आणि आपणहून सावरली.

तिसऱ्या दिवशी आण्णा उशीला टेकून बसले. खोलीत आई होती, पद्मजा दाराशी उभी होती. तिला आत यायचं धाडस होत नव्हतं. डॉ. रेहाना आल्या त्या सरळ तिच्यासमोर थांबल्या.

"त्यांनी होकार दिला म्हणालीस."

"हो. खोटं बोलले."

"ते वाचले म्हणून हे बरोबर ठरत नाही. लोकांचा विश्वास बसला नाही तर उद्या एकही माणूस हा बनियन अंगात घालणार नाही." मग त्या पलंगाकडे वळल्या. "आण्णा, तुमचं जुळं तुमच्या परवानगीशिवाय तयार झालंय. माझी चूक आहे, मी स्वतः तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसून टाकते."

आण्णांनी उशीशेजारचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पुसायच्या आधी बघू तर द्या," ते म्हणाले.

टेबलावर उजेड झाला. आण्णांचं हृदय पद्मजाच्या हृदयापेक्षा मोठं होतं, भिंती जाड, जुन्या नावाड्याचं. लाटा सावकाश येत होत्या. आण्णांनी हात पुढे केला, बोटं उजेडातून आरपार गेली. त्यांनी ती पटकन मागे घेतली.

"हिचं बी हाय का?"

डॉक्टरांनी पद्मजाकडे पाहिलं. "दाखवू?"

पद्मजानं मान हलवली. दोन हृदयं शेजारी शेजारी तरंगू लागली. दोन्हींच्या लाटा शेवटाला किंचित रेंगाळत होत्या, अगदी एकाच जागी, एकाच ढंगानं. आण्णा एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. आईनं पदर तोंडाला लावला. चौदा वर्षांच्या पोरीला होडीतून उतरवतानाची ती संध्याकाळ त्या खोलीतल्या तिघांनाही आठवत होती.

"ही शर्यत मारू शकंल?" आण्णांनी अखेर विचारलं.

"बघा ना," डॉक्टर म्हणाल्या आणि पद्मजाच्या जुळ्याला शर्यतीला लावलं. लाटा वेगानं धावू लागल्या. आण्णा पुढे झुकले. त्यांनी मुलीची एकही शर्यत पाहिली नव्हती, ही पहिलीच.

"शेवटाला पुलाचं खांब येत्यात," ते मध्येच म्हणाले. "तिथं पाणी आडवं मारतंय. दम तुटतो. ते घातलंय का ह्यात?"

"तिथं मी वेग कमी करते," पद्मजा दारातून म्हणाली.

"का कमी करतीस?" आण्णा एकदम तिच्याकडे वळले. "तिथंच वाढवायचा! म्हणून दरवर्षी मागं पडताय!"

"वाढवला तर होडी खांबावर जाते."

"सुकाणूवाली उशिरा मारती म्हणून जाते! डॉक्टर, वाढवा. खांबाजवळ वाढवा."

डॉक्टरांनी ताण वाढवला. आणखी वाढवला. पिवळा उजेड सोनेरी होत गेला, लाटा एकमेकींच्या पाठीवर धावत होत्या, पण एकही अडखळली नाही. ताण उतरला तेव्हा पद्मजा नकळत पलंगाच्या कठड्यापाशी येऊन उभी होती.

"माझं जुळं ऱ्हाऊ द्या," आण्णा डॉक्टरांना म्हणाले. "आन पुढच्या बारीला काय पायजे असंल तर मला इचारा. हिला न्हाई."

रद्द झालेली शर्यत भाद्रपदात पुन्हा भरली. समितीनं औट बंद केला, आता हिरवा झेंडा पडायचा. फटाक्यांना दोन्ही काठांवर मनाई होती, तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईनं आण्णांच्या कानात कापसाचे बोळे घातले आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. घाटावर नव्हे, पुलाच्या खांबासमोर, खाली काठावर. जागा आण्णांनी निवडली होती.

झेंडा पडला. चार होड्या सुटल्या. पद्मजानं पहिलं वल्हं टाकलं आणि मागून आठ पडली, एकाच आवाजात. मध्यापर्यंत नांदणवाडी तिसरी होती. वळणावर दुसरी झाली. खांब दिसू लागले, पाणी आडवं आदळलं, होडी हिसडली. समोरची होडी अर्ध्या अंगानं पुढं होती आणि तिथं ती मंदावली, दरवर्षी सगळ्याच मंदावायच्या.

"वाढव!" काठावरून आवाज आला. "वाढव, पद्मे, वाढव! शेवंते, आत्ता मार!"

शेवंतानं सुकाणू मारलं. पद्मजानं दात आवळले आणि वेग वाढवला. छाती भात्यासारखी चालली होती, ठोके कानात वाजत होते, सगळे सरळ, सगळे तिचे. खांब हातभर अंतरावरून सुर्रकन मागे गेला. शेजारच्या होडीचं शेवटचं वल्हं दिसलं, मग मधलं, मग पहिलं. मग नुसतं पाणी. दोन्ही काठांवरचा आरडाओरडा एकदम कोसळला तेव्हा तिला कळलं, की शेवटची दोरी मागे राहिली.

शेवंता पाण्यात पडली, की तिनं उडी टाकली, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. बाकीच्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत-हसत होत्या. पद्मजा होडी काठाला लावून चिखलातून धावत खुर्चीपाशी आली. अंगावरून पाणी निथळत होतं. आण्णा उभे होते, फेटा सुटलेला, ओरडून घसा बसलेला.

"आण्णा," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही बघायला आलात. मला फार बरं वाटलं."

"काय?"

"ऐकू येत नाही गं त्यांना," आई म्हणाली. "बोळे आहेत कानात."

पद्मजानं पुढं होऊन त्यांच्या उजव्या कानातला कापूस काढला. आण्णांचे डोळे भरले होते आणि मिशीत हसू होतं.

"ऐकलं मघाशीच," ते म्हणाले. "परत म्हण."